सबस्टेशनचं अर्थिंग आपल्या पंपापर्यंत आपोआप पोहोचत नाही

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदा तो आमच्या परळच्या इमारतीतही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सबस्टेशनमधल्या ट्रान्सफॉर्मरला अर्थिंग (जमिनीशी जोड) असतंच, तेव्हा इमारतीत वेगळी अर्थची वायर कशाला? फार तर आवारात खड्डा करून मीठ-कोळसा घाला. जुन्या घरात सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून (करंट परत नेणाऱ्या वायरवरून) एक तुकडा अर्थच्या पिनला लावा, दोन्ही एकच. आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडत असेल तर काढून टाका.

वायरिंगच्या कामात आयुष्य गेलं माझं. हा मेसेज वाचून कुणीतरी खरंच तसं करेल, या भीतीने लिहितोय.

खड्ड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. करंट जमिनीत मुरत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून निघाला त्याच्याच न्यूट्रलकडे तो परततो. ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला नियमाप्रमाणे किमान दोन स्वतंत्र अर्थ जोड द्यावे लागतात, हे मेसेजवाल्याचं बरोबर आहे. पण पंपाच्या बॉडीपासून तिथपर्यंत परतीची वाट कोणती?

समजा वाट फक्त मातीतून आहे. आपल्या खड्ड्याचा रोध ५ ओहम, सबस्टेशनचा १ ओहम. पंपाची एक फेज (करंट आणणारी वायर) बॉडीला लागली तर २३० व्होल्ट भागिले ६ ओहम, म्हणजे जेमतेम ३८ अँपियर वाहतील. ३२ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एवढ्यावर तासभरही पडला नाही तरी त्याचा दोष नाही. तोवर पंपाच्या बॉडीवर सुमारे १९० व्होल्ट उभे, आणि वॉचमन ओल्या पायांनी व्हॉल्व्ह फिरवायला जातो. मीठ घालून ५ चे ३ ओहम केलेत तरी बॉडीवर १७० च्या वर व्होल्ट राहतातच.

आता तोच पंप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीने किंवा तांब्याच्या वायरने मीटर रूममधल्या अर्थ बारला (सगळ्या अर्थ वायरी एकत्र येतात त्या पट्टीला) आणि तिथून वीज पुरवठादाराच्या अर्थ टर्मिनलला जोडा. पूर्ण वाट अर्ध्या ओहमची धरली तरी ४६० अँपियर वाहतात आणि एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. असं टर्मिनल ग्राहकाच्या आवारात देणं ही पुरवठादाराची जबाबदारी आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतच ते आहे. ते मागून घ्या. लिफ्टचे रेल, पाण्याचे लोखंडी पाइप हेही त्याच बारला बांधायचे, म्हणजे एकाच वेळी हाताला लागणाऱ्या दोन धातूंमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही.

अर्थात खड्डा निरुपयोगी नाही. तो लागतोच, फक्त एकट्याने पुरत नाही.

न्यूट्रल आणि अर्थ एकच? ट्रान्सफॉर्मरपाशी ते जोडलेले असतात, खरं आहे. पण म्हणून ते घरातही जोडायचे असं नाही. न्यूट्रलमधून रोजचा करंट वाहतो, अर्थमधून फक्त बिघाडाच्या वेळी वाहायला हवा. सॉकेटमध्ये तुकडा लावला आणि मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, जे जुन्या चाळींच्या गंजक्या कटआउटमध्ये (फ्यूजच्या खोक्यात) नेहमीच होतं, तर चालू फ्रिजमधून फेज थेट फ्रिजच्याच दारावर येते. कुठलाही बिघाड नसलेला, चांगला फ्रिज. गिरगावातल्या एका खोलीत मी हे टेस्टर लावून पाहिलंय. त्या घरातली लहान मुलगी रोज त्याच हँडलला लोंबकळायची. तिथे अर्थची वेगळी वायर ओढण्याचं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

राहिला आरसीसीबी. तो ३० मिलिअँपियरच्या गळतीला पडतो, म्हणजे खड्डा कमकुवत असला तरी जीव वाचवतो. सारखा पडतो तेव्हा गीझरचं एलिमेंट, ओल धरलेली भिंत किंवा कुठेतरी अर्थला टेकलेला न्यूट्रल, यांपैकी काहीतरी बहुधा असतं. त्याच्यापुढचे एमसीबी पाडा, एकेक चढवत जा, कुठल्या सर्किटवर पडतो ते बघा आणि परवानाधारक वायरमनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. न्यूट्रल टेकला असेल तर एमसीबी पाडूनही तो सापडणार नाही. तेव्हा न्यूट्रल वायरी एकेक सोडवून बघाव्या लागतात, आणि ते मेन बंद करून वायरमननेच करायचं.