बोअर एका दिवसात, पाणी किती दिवस?

आमच्या मिरजेच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आलाय: ‘जतच्या दुष्काळी गावात मिशननं एका दिवसात बोअर पाडला. सरकारला 75 वर्षांत जमलं नाही ते करून दाखवलं. खोल पाणी म्हणजे शुद्ध पाणी. टँकर कायमचा बंद. देणगी पाठवा.’

मी ख्रिस्तीच आहे, 1894 पासूनच्या वान्लेस या ख्रिस्ती मिशनच्या हॉस्पिटलच्या गावातला. मिशनचं कौतुक मला खुपत नाही. पण हे कौतुक चुकीचं आहे.

‘सरकारनं काहीच केलं नाही’ हे जतमध्ये कुणी चारचौघांत बोलून बघावं. म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून तिकडं नेते. उशीर झाला, पाणी सोडायच्या आवर्तनावरून भांडणं होतात, सगळं खरं. पण शून्य म्हणणं खोटं.

‘टँकर कायमचा बंद’ हा खरा घोटाळा. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. भेग लागली तर नशीब, नाहीतर नुसता फुफाटा. लागलेलं पाणीही पावसानं भरलं तरच टिकतं. त्यात शेजारच्या डाळिंबवाल्यानं आणखी खोल बोअर मारला की गावचा हापसा कोरडा ठाक. म्हणून तर राज्याच्या 1993 च्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी केली. ती किती पाळली जाते, ते विचारू नका.

खोल म्हणजे शुद्ध? हापशाच्या ओट्याला तडा गेला आणि भोवती सांडपाण्याचं डबकं साचलं, की घाण थेट आत. खतातला, उकिरड्यातला नायट्रेट तर डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. प्रमाण लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्यालायक नाही, आणि जंतू मारायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं नायट्रेट जात नाही. पाणी तपासूनच घ्यावं लागतं.

मेसेजखाली एकानं ‘पाण्याच्या बदल्यात धर्म’ असंही ठोकलंय. कुणी प्रार्थनेची अट घालून पाणी देत असेल तर ते पापच, पण चव्हाट्यावरचा हापसा कुणाची जात-धर्म विचारत नाही.

मिशनचं खरं श्रेय या मेसेजमध्ये नाहीच. पूर्वीचे बिडाचे हापसे एका घरापुरते बनवलेले. सगळं गाव हापसायला लागलं की मोडायचे. 1960 च्या दशकात जालना आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी दणकट पोलादी पंप बनवले. त्याच सोलापुरी पंपावरून पुढं युनिसेफच्या पुढाकारानं ‘इंडिया मार्क टू’ हापसा आला, आणि देशभर लाखोंनी बसला.

देणगी मी देईन. त्याआधी ग्रुपवर एवढंच विचारलंय: दोन वर्षांनी वायसर झिजला तर पाइप वर ओढून तो बदलणार कोण, आणि त्याचे पैसे कुणाकडं ठेवलेत? अजून उत्तर नाही. हात जोडलेल्या इमोजी मात्र अकरा आल्यात.