पौलाला बचावासाठी वकील मिळाला होता का?

सध्या फिरणाऱ्या मेसेजमध्ये लिहिलंय की कैसरिया शहरातल्या खटल्यात पौलाच्या (बायबलमधला ख्रिस्ती धर्मप्रचारक) बाजूने तिर्तुल्ल नावाचा वकील उभा राहिला आणि रोमन सुभेदार फेलिक्सने पौलाला निर्दोष सोडलं, तर हे दोन्ही चूक आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय २४ उघडून बघा, तिर्तुल्ल यहुद्यांचा महायाजक हनन्या याच्यासोबत आलेला, म्हणजे फिर्यादी पक्षाचा वकील, आणि पौलाने आपली केस स्वतःच लढवली. काय जबरदस्त मुद्दा काढला त्याने, की मंदिरात मला पकडणारे आशिया प्रांतातले (आजच्या तुर्कस्तानातला भाग) यहुदी खरे तक्रारदार, ते आज इथे हजर का नाहीत? यावर फेलिक्सने निकाल दिलाच नाही, रोमन सैन्याचा सरदार लुसिया आल्यावर बघू म्हणाला, लाचेची आशा धरून राहिला आणि २ वर्षांनी त्याच्या जागी नवा सुभेदार फेस्त आला तरी पौल कैदेतच. हा सरळसरळ अन्याय होता, त्याला रोमन न्यायाचा आदर्श म्हणून प्लीज फॉरवर्ड करू नका.