आकाश नकाशात हिरवे, जमिनीवर मात्र बंद

आता सहन होत नाही! २०२१ च्या ड्रोन नियमांनी हौशी माणसाला स्पष्ट शब्दांत सांगितले की दोन किलोपर्यंतचे यंत्र बिगरव्यावसायिक कारणासाठी उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीही लागत नाही. मग मी माझ्याच शेताच्या बांधावर उभा असताना दर वेळी कुणीतरी येऊन 'परवानगीचा कागद दाखवा' असे का म्हणते? जी परवानगी लागतच नाही, तिचा कागद आणायचा कुठून?

नोंदणीची तऱ्हा तर आणखी संतापजनक आहे. शुल्क अवघे शंभर रुपये, पण ओळख क्रमांक मिळण्यासाठी यंत्राच्या प्रकाराला आधी प्रमाणपत्र हवे, आणि ते हौशी माणसाने नव्हे, उत्पादकाने मिळवायचे असते. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायलाही बंदी आहे. मग आम्ही घ्यायचे तरी काय? मुंबईत पोलिसांचा बंदी आदेश निघतो, मुदत संपते, पुन्हा नवा निघतो. नकाशा पाहून घराबाहेर पडलेल्या माणसाला तो कळणार कसा?

विमानतळाजवळ उडवू नका, हे मला शंभर टक्के मान्य आहे, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. पण ओसाड माळावर, सकाळी सात वाजता, पाखरांखेरीज कुणीही नसताना मी नेमका कुणाला धोका आहे, हे मला कुणी सांगेल का?