‘पिशवी काढा, बिनघोर ऊस तोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला

परवा रात्री बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या माझ्या मावसबहिणीने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, “ताई, हे खरंय ना? दिवाळीच्या आत उरकून घ्यावं म्हणते.” उरकायचं काय, तर गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन. वय एकोणतीस, लेकरं तीन. दिवाळी झाली की नवरा-बायको टोळीबरोबर कारखान्याला जाणार.

मेसेजचं नाव ‘ऊसतोड भगिनींसाठी आरोग्य माहिती’. वर जोडलेले हात, खाली ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही. मी नर्स आहे, आणि लहानपणी चार हंगाम आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढलेत. म्हणून हे लिहितेय, नाहीतर असल्या मेसेजांना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही.

त्यात म्हटलंय, लेकरं झाली की पिशवीचं काम संपतं, मग ती नुसतं रोगाचं घर. काम संपलं म्हणून अवयव काढायचे तर अक्कलदाढेपासून सुरुवात करा. बऱ्याचदा पिशवीबरोबर अंडाशयंही काढतात, आणि मग तिशीतच पाळी जाते. अंगातून वाफा, झोप उडालेली, हाडं ठिसूळ, पुढे हृदयविकाराचा धोका. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

पुढचं वाक्य: ‘पांढरं पाणी जाणे ही कॅन्सरची पहिली पायरी.’ एवढ्या एका वाक्यावर किती बायका ऑपरेशनच्या टेबलावर चढल्या असतील! फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीचं कापड कोपीच्या अंधारात वाळणार. पांढरं पाणी बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. त्यासाठी सरकारी दवाखान्यात गोळ्यांचं हिरवं पाकीट असतं. ओटीपोटही दुखत असेल तर पिवळं, चौदा दिवसांचं, आणि तेव्हा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो घेत नाही, बाईला पुन्हा त्रास होतो, आणि सगळे म्हणतात गोळ्यांनी गुण येत नाही, पिशवीच सडलीय.

बहिणीने सोनोग्राफीच्या कागदाचा फोटोही पाठवला. त्यावर ‘बल्की युटेरस’ एवढ्या दोन शब्दांखाली पेनाने रेघ ओढलेली. तिला सांगितलं गेलं, ‘सूज आहे, पुढे कॅन्सर होईल.’ अगं, तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच! राहिला कॅन्सर. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. तिशीनंतर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून ते तोंड तपासतात, पाच मिनिटांचं काम, आधीचे बदल त्यात दिसू शकतात. आणि पिशवी काढली, अंडाशयं ठेवली, तर अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतोच. मग मेसेजमधली ‘कायमची सुटका’ कसली?

आता तो मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं: ‘पंधरा दिवसांत बाई फडावर, पाळी नाही म्हणून खाडा नाही, उत्पन्न वाढते.’ पोट उघडून केलेल्या या ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं. फडावरची मोळी तीस-चाळीस किलोची. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसातून कितीदा त्याला गणती नाही, तेही पहाटे तीन-चारला उठून. पंधराव्या दिवशी हे केलं तर टाक्याच्या जागी हर्निया व्हायचा, अंग बाहेर यायचं.

आणि उत्पन्नाचा हिशोब मेसेजवाल्याच्याच पद्धतीने करू. कोयता म्हणजे जोडी. बाई बसली तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, जोडीवर लागतो, बहिणीच्या टोळीत दिवसाला 500 रुपये. महिन्यात तीन दिवस धरले, हंगाम पाच महिन्यांचा, तर 7,500 रुपये. ऑपरेशनचे तिला सांगितलेत 35,000. ते मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, उचलीतून (आगाऊ रकमेतून) जाणार. म्हणजे जवळपास पाच हंगामांचा खाडा आधीच भरायचा, तोही उचल फिटेपर्यंत त्याच मुकादमाला बांधून घेऊन. एवढं करून खाडा टळतो असंही नाही. मुळात पाळीत घरी बसतंय कोण? आई कापड बांधून तोडायचीच.

शेवटी मेसेज म्हणतो, ‘बीडची बातमी ही पत्रकारांनी उठवलेली अफवा.’ बातमी म्हणजे तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात ही. 2019 साली सरकारनेच आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा शंभरात तीनही भरत नव्हता. अफवा म्हणे.

एक मान्य करते, नाइलाजाने. मुकादम कुणाला हाताला धरून नेत नाही, बायका स्वतःच जातात, हे मेसेजमधलं वाक्य खोटं नाही. काहींना गरजही असते. मोठ्या गाठी, थांबत नाही असा रक्तस्राव. माझ्या सख्ख्या काकूला होती. ‘सरकारी दवाखान्यात नुसत्या गोळ्या देतात’ हेही अर्धं खरं. गोळ्याच द्यायच्या असतात, पण त्या संपलेल्या असतात, सकाळची ओपीडी असते तेव्हा बाई फडात असते, आणि परजिल्ह्यातल्या आशाताईच्या यादीत तिचं नावच नसतं. तपासायला कुणी नाही, भीती घालायला मात्र मेसेज आहे, मग ‘स्वतःहून’ जाणं म्हणायचं तरी कशाला?

बहिणीला सांगितलं, आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, आतून तपासून घे, ऑपरेशन म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नको. काल गेली. पिवळं पाकीट मिळालं, दाजींसाठीही औषध दिलं. संध्याकाळी फोन केला, “दाजींनी घेतली का गोळी?”

“ते म्हणतात, मला काय झालंय?”

आता दाजींना फोन लावतेय.