घड्याळ महाग वाटलं तर पुढं जा की भाऊ!

मंडळी, आपल्या जुन्या घड्याळांच्या ग्रुपात काल जो धुरळा उडाला, त्यावर दोन ओळी लिहायला बसलो आणि हे एवढं लांबलं. सवडीनं वाचा.

ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भुसावळच्या एका गृहस्थांनी वडिलांची एचएमटी जनता, म्हणजे सरकारी एचएमटी कंपनीचं चावीचं मनगटी घड्याळ, विकायला काढली. वडील रेल्वेत होते. पांढरी डायल आता पिवळट पडलेली, काचेवर बारीक ओरखडे, पट्टा नवा. फोटो मात्र व्यवस्थित टाकले होते, मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचासुद्धा. किंमत लिहिली ३,८०० रुपये. झालं! 'काका, सोन्याची आहे का?' 'किडनी विकावी लागेल.' 'आमच्याकडं भंगारवाल्याकडं तीनशेत मिळते.' त्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. त्यांनी बिचाऱ्यांनी एकदा सांगून पाहिलं, की गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग करून घेतलंय. त्यावर एक दिवटा म्हणतो, 'नासात केलं का?' संध्याकाळपर्यंत पोस्ट गेली आणि गृहस्थही ग्रुपातून गेले.

आता माझं मत. ३,८०० मलाही जास्त वाटले. मी दिले नसते. मी इनबॉक्सात गेलो असतो, 'दादा, अडीचपर्यंत जमत असेल तर सांगा' म्हणालो असतो, आणि ते नाही म्हणाले असते तर आपापल्या वाटेनं गेलो असतो. एवढंच काम होतं. ज्याला घ्यायचंच नाही त्यानं भाव काढायला चारचौघांत उभं राहायचं कारण काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

आपण खानदेशी माणसं बाजारात वाढलेलो. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सौदा करतात, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी बापाचा हात धरून पाहिलंय. भाव देणाऱ्याला कळतो, घेणाऱ्याला कळतो, बाजूला उभा असलेला नुसता रुमाल बघतो. त्यात शहाणपण आहे. बैल विकणारा अडचणीत असेल, लेकीचं लग्न काढलं असेल, त्याची अडचण आणि त्याचा आकडा गावभर होऊ नये. दत्त जयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथं अमक्या घोड्याला कोटीची किंमत सांगितली अशा बातम्या येत असतात. लोक बघायला जातात, घोड्याभोवती फिरतात, फोटो काढतात, पुढं जातात. मालकाच्या तोंडावर कुणी 'कोटी? पागल झाला का भो?' म्हणून तर बघा. तो अहिराणीत शांतपणे सांगेल, 'लेनं व्हई ते ले, नही ते वाट धर.' तेच आपण मोबाइल हातात आला की विसरतो.

आता त्या 'तीनशेत मिळते'वाल्या भावासाठी जरा सविस्तर.

तीनशेत मिळते, खरंय. बंद पडलेली मिळते. ती चालू करायला घड्याळजीकडं न्यावी लागते, आणि चावीचं मशीन उघडणारे घड्याळजी आपल्याकडं किती उरलेत ते तुम्हीच मोजा. त्यांची पोरं मोबाइलच्या दुकानात बसतात. एकदा समोर बसून काम बघा म्हणजे बोलणं कमी होईल. डोळ्याला भिंग लावून तो आधी काटे उपसतो, डायल काढून कागदावर पालथी ठेवतो. मशीन सुटं करतो. एकेक चाक पेट्रोलमध्ये धुतो, ब्रशनं साफ करतो, फुंकून वाळवतो. मग सुईच्या टोकावर मावेल इतकं तेल, तेही जिथं चाकाची टोकं फिरायला बसवलेला खडा आहे तिथंच. जास्त झालं की धूळ धरते आणि वर्षभरात परत बंद. बॅलन्स, म्हणजे टिकटिक करत मागंपुढं हलणारं चाक, तुटलेला निघाला तर दुसऱ्या एखाद्या मेलेल्या जनतेतून काढून बसवतो, कारण नवा सहजासहजी मिळत नाही. या सगळ्यावर त्याचा अर्धा दिवस जातो. त्याला काय द्यायचं? मग पट्टा, काच घासणं, कुरियर, आणि विकणाऱ्यानं चार महिने घरात सांभाळून ठेवलेलं असतं ते वेगळं. हे सगळं धरून आकडा किती होतो ते एकदा वहीत मांडा आणि मग 'लूट' लिहा.

दुसरा नेहमीचा मुद्दा, 'बापानं तर शंभर-सव्वाशेला घेतली असेल.' घेतली असेल की! १९७० च्या सुमारास सोनंसुद्धा दोनशे रुपयांच्या आसपास तोळा होतं. जळगावच्या सराफात जाऊन हा हिशेब सांगून बघा, पाणी विचारतील आणि दार दाखवतील.

मुळात या घड्याळांचा पुरवठा आता कुठून होतो याचा विचारच आपण करत नाही. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ साली बंगळुरूत घड्याळं काढायला सुरुवात केली. पुढं तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथंही कारखाने झाले. जावयाला एचएमटी, दहावीत पहिला आला म्हणून एचएमटी, निवृत्तीला एचएमटी. आपल्याकडं तर रेल्वे, वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, सगळी पगारदार वस्ती. कपाटं भरलेली आहेत. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या काळचा जुना, हात न लावलेला प्रत्येक पीस आज कुणाच्या तरी घरच्या कपाटातूनच बाहेर येणार आहे. आणि कपाट उघडणारा माणूस व्यापारी नसतो. त्याला बाजारभाव माहीत नसतो. तो वडिलांच्या आठवणीचे दोन-पाचशे त्यात मिळवूनच आकडा लिहितो. तुम्ही त्याला हसलात की कपाट बंद.

बंद म्हणजे विक्री होत नाही असं मात्र नाही. विक्री होते, पण आपल्यात होत नाही. घरी येऊन रोख देणारा फेरीवाला खरेदीदार असतोच. मागं अमळनेरकडची एक पायलट, एचएमटीचंच दुसरं मॉडेल, ग्रुपात आली होती. काळी डायल, काट्यांवरचं रेडियम तपकिरी झालेलं, मागच्या झाकणावर हातानं कोरलेलं 'सप्रेम भेट १९८४'. किंमतीवरून अशीच टिंगल झाली आणि त्या ताईंनी पोस्ट काढून टाकली. काही आठवड्यांनी दुसऱ्याच एका पानावर तेच झाकण दिसलं, तेच 'सप्रेम भेट १९८४', आणि पुढून पाहावं तर भडक केशरी डायल, काट्यांवर पांढरंशुभ्र रेडियम, वर 'रेअर व्हिंटेज'. किंमत ताईंनी सांगितली होती त्याच्यापेक्षा जास्तच. खालच्या सगळ्यांनी हार्ट टाकलेले. मूळ काळी डायल खरवडून गेली, ती आता कुणालाच परत मिळणार नाही.

म्हणून म्हणतो, ज्यावर बोंब मारायची ती गोष्ट ही आहे. रंगवलेली डायल 'ओरिजिनल' म्हणून विकणं. एका घड्याळाची बाहेरची डबी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे जोडून 'एकदम जेन्युइन' म्हणणं. दुसऱ्याच्या पोस्टचे फोटो उचलणं. ॲडव्हान्स घेऊन नंबर बंद करणं. इथं गप्प बसणं चूक आहे, इथं उघडपणे बोला. पण बोलताना पुरावा द्या. डायलवरची अक्षरं जाड आणि कडेला पसरलेली आहेत, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, रेडियम कोरं आणि काटे मात्र गंजलेले, खाली 'इंडिया' लिहिलेलं असतं ते वाकडं बसलंय, असं बोट ठेवून सांगा. शेजारी खात्रीच्या डायलचा फोटो लावा. आणि विकणाऱ्याला आधी विचारा, कारण घरच्या माणसाला बऱ्याचदा ठाऊकच नसतं की वीस वर्षांपूर्वी घड्याळजीनं डायल रंगवून दिली होती. रंगवलेली डायल विकणं हा काही गुन्हा नाही. मला स्वतःला एकदोन केशरी-हिरव्या बेगडी डायली आवडतातसुद्धा, जत्रेतल्यासारख्या दिसतात! फक्त 'रंगवलेली' एवढा शब्द लिहा आणि मग हवी ती किंमत लावा.

गंमत बघा, अशा फसव्या पोस्टवर आपले हे भाव-पोलीस कधीच दिसत नाहीत. कारण किंमतीवर बोलायला काही माहिती लागत नाही. आकडा वाचता आला की पुरे. डायल ओळखायला मात्र शंभर डायली डोळ्यांखालून जाव्या लागतात.

आणि आता जे बोलल्यावर काही मित्र रुसणार आहेत ते. विकणाऱ्यानं जास्त मागितलं की लुटारू. मग घेणाऱ्यानं कमी दिलं की कोण? आपल्याच ग्रुपात 'आज रद्दीवाल्याकडं लॉटरी लागली, देवनागरी आकड्यांची जनता दीडशेत' अशी पोस्ट पडते आणि आपण सगळे टाळ्या वाजवतो. 'नशीबवान आहेस भो', 'पार्टी कधी?' एकानं तर लिहिलं होतं की म्हातारीला किंमत माहीत नव्हती म्हणून पटकन पैसे देऊन निघालो. त्यावर अडीचशे लाइक! तिला कुणी जाऊन सांगितलं का, की आजी, याचे जास्त येतात? देवनागरी आकड्यांची खरी जनता किती लोक शोधत असतात ते त्याला पक्कं माहीत होतं. बाजारातलं अज्ञान आपल्या फायद्याचं असेल तर नशीब आणि दुसऱ्याच्या फायद्याचं असेल तर लूट, हा हिशेब मला पटत नाही. महाग किंमतीला नाही म्हणायची सोय घेणाऱ्याला असते. त्या म्हातारीला ती सोयच नव्हती.

'पण नवीन पोरं फसतात ना, त्यांना सावध कोण करणार?' हा प्रश्न कालही आला आणि तो खोटा नाही. कॉलेजातली पोरं पहिल्या पगाराचे, पॉकेटमनीचे पैसे घालतात. त्यांना चालू भाव कळलाच पाहिजे. पण तो कळवायची जागा दुसऱ्याच्या विक्रीच्या पोस्टखाली नाही. तुमची स्वतःची पोस्ट लिहा. मी अमुक महिन्यात जनता एवढ्याला घेतली, हालत अशी होती, सर्व्हिसिंगला एवढे गेले, एचएमटीची सोना एवढ्याला सोडून दिली. आकडे स्वतःच्या खिशातले असू द्यात. अशा दहा पोस्ट झाल्या की नवीन पोरगा वाचून शहाणा होतो आणि कुणाचा बाप मध्ये येत नाही. एखाद्यानं नाव घेऊन विचारलं, 'दादा, हे घेऊ का?' तर त्याला फोनवर मोकळेपणानं सांगा, अगदी 'घेऊ नको' म्हणून सांगा. विकणाऱ्यानं स्वतःच विचारलं, 'किंमत बरोबर आहे का?' तर तिथंच सांगा. विचारल्यावर सांगणं वेगळं.

दुसऱ्याचा चालू सौदा मोडणाऱ्यांचं तर काय सांगावं! 'घेऊ नका, माझ्याकडं याच्यापेक्षा स्वस्त आहे' असं दुसऱ्याच्या पोस्टखाली लिहिणारे तिघे-चौघे आहेत. ते कोण ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं नावं लिहीत नाही.

विकणाऱ्यांनाही एक सांगतो, कारण एका हातानं टाळी वाजत नाही. 'किंमत इनबॉक्स' हा प्रकार बंद करा. टिंगल होते म्हणून लोकांनी आकडा लिहायचं सोडलं हे मला समजतं, पण त्यानं संशय वाढतो. माणूस बघून भाव सांगतात असं वाटायला लागतं आणि कधीकधी ते खरंही असतं. आकडा उघडा लिहा. 'फिक्स' असेल तर फिक्स लिहा, कमी-जास्त होणार असेल तर तसं लिहा. 'शेवटचा पीस', 'परत मिळणार नाही' असली वाक्यं काढून टाका. जनता लाखांनी निघाली आहे, परत मिळते. फोटोत काच हातरुमालानं पुसून घ्या, निदान स्वतःच्या बोटाचे ठसे तरी नकोत!

ॲडमिन मंडळींना आज सकाळी मेसेज केलाय, इथं जाहीर लिहितो म्हणजे विसरले जाणार नाहीत. विक्रीच्या पोस्टला तीन गोष्टी सक्तीच्या करा: डायलचा जवळून फोटो, झाकण उघडून मशीनचा फोटो, आणि किंमत. डायल मूळची की रंगवलेली ते विकणाऱ्यानं स्वतःच्या शब्दांत लिहावं, माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहावं. किंमतीवरची शेरेबाजी दिसली की काढून टाका, दुसऱ्यांदा केली तर महिनाभर बाहेर. डायलवरचा, मशीनवरचा आक्षेप मात्र विकणारा कितीही ओरडला तरी काढू नका. आणि ज्यांनी काल त्या भुसावळच्या काकांना 'नासात केलं का' विचारलं, त्यांच्याकडं काकांचा नंबर असेल तर फोन करून माफी मागा म्हणावं. माझ्याकडं काकांचा नंबर नाही, कुणाकडं असेल तर मला इनबॉक्स करा. अडीचची गोष्ट मला अजून करायची आहे.