‘स्वतःचं पोर गुटगुटीत असलं की…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

सहीच्या जागी तुम्ही ‘एक निवृत्त आरोग्य सेवक’ एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. ‘घरचा वजनकाटा माळ्यावर टाका’ या माझ्या लेखाखाली (घरच्या काट्यावरच्या आकड्यामागे धावू नका, वाढीच्या तक्त्यातली रेषा बघा, असं त्यात होतं) तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देते, नाहीतर सोयीचं तेवढंच उचललं म्हणाल:

“ताई, स्वतःचं पोर गुटगुटीत असलं की असे सल्ले सुचतात. आम्ही पाड्यापाड्यावर साल्टर काट्याला पोरं टांगून वजनं घेतली आहेत. दोन महिने वजन चुकलं तर काय होतं ते पाहिलंय. सुट्टीत मोखाड्याला या, दाखवतो. दंडघेराचा तर लेखात पत्ताच नाही. आणि दोन वर्षांच्या आतलं मूल उभं करून मोजायचं नसतं, एवढं तरी माहीत करून घ्यायचं होतं. हल्ली कोणीही उठतं आणि डॉक्टर होतं.”

गप्प बसणार होते. पण एवढ्या ओळींत माझं मूल, माझी अक्कल आणि माझी सुट्टी या तिन्हींचा उद्धार झाल्यावर गप्प बसायला मी काही संत नाही.

दंडघेराचं, म्हणजे रंगीत पट्टीनं दंडाचा घेर मोजण्याचं, आधी. तो राहिला, मान्य. लेखात आता भर घातली आहे: सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर पट्टीचा हिरवा भाग, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. लाल आला की घरगुती उपाय करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. ही सुचवणी तुम्ही साध्या शब्दांत केली असतीत तर मी साध्या शब्दांत आभार मानले असते.

आता तुमचं पहिलं वाक्य. कुठे पाहिलंत हो तुम्ही माझं पोर?

माझी लेक जन्मली ती दोन किलो चारशे ग्रॅमची. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, हे तुम्हाला मी सांगायला नको. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि नाव काय ठेवलं हे विचारायच्या आधी ‘दूध पुरतं ना गं तुझं?’ हे विचारलं. सासूबाईंनी प्रेमापोटी खारीक-बदामाची पूड केली, नाचणीचं सत्त्व काढलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या जिन्यात भेटणाऱ्या एक काकू लेकीच्या मनगटाला अंगठा आणि पहिल्या बोटाचं कडं घालून बघायच्या. “अगं, बोटं एकमेकांवर चढतात की हिच्या हातावर,” असं हसत हसत सांगायच्या. दर वेळी. भाजीची पिशवी, कडेवर मूल, आणि ते कडं. गुटगुटीत म्हणे.

तर काटा. घरोघरी असतो तोच, न्हाणीघरातला. मूल कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. हा काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या उड्या मारतो. फरशीच्या सांध्यावर त्याचा एक पाय आला की वेगळंच काहीतरी दाखवतो. नुकतंच प्यायलेलं दूध आणि भरलेला डायपर एवढ्यानंच दोनशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. आणि वर्षाच्या आसपासचं मूल महिन्याला वाढतं साधारण दोन-अडीचशे ग्रॅम! म्हणजे महिन्याभरात जेमतेम दिसणारी वाढ मी दर रविवारी या असल्या काट्यावर शोधत होते. आकडा घसरला की त्या दिवशीचं जेवण म्हणजे लढाई. मोबाइलवर गाणी, मिटलेल्या ओठांवर चमचा, ‘हा काऊचा, हा चिऊचा’, आणि शेवटी सगळा वरणभात माझ्या खांद्यावर. उलटी झाल्यावर पुढचा आकडा काय वर जाणार होता? हे सगळं भोगून झाल्यावर मी तो लेख लिहिलाय, काका. गादीवर लोळत सुचलेला सल्ला नाही तो.

आमच्या डॉक्टरांनी काय केलं ते सांगते, कारण लेखाचा मुद्दा तोच होता आणि तुम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही. वर्षाची झाली तेव्हा लेक ७.६ किलो होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलींची मधली रेषा ८.९ वर. माझी नजर त्या ८.९ ला चिकटलेली. डॉक्टरांनी पेनचं टोपण तिच्या ठिपक्यांवरून जन्मापासून पुढे फिरवलं. तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेवर (म्हणजे वजनानं शंभरात खालून तिसरी) जन्मलेली, नंतर तिसऱ्या आणि पंधराव्या रेषेच्या मधल्या पट्ट्यातून न डगमगता चढत गेलेली. जन्मवजनाच्या तिपटीहून जास्तच भरत होती. दोन वर्षांची झाली तेव्हा ९.६, पट्टा तोच. शंभर निरोगी मुली वजनानं ओळीत उभ्या केल्या तर नववी-दहावी कुणीतरी असणारच, ती माझी. उलट पन्नासाव्या रेषेवर चालणारं मूल चार-सहा महिन्यांत पंधराव्याच्या खाली उतरलं, तर त्याचा आकडा माझ्या लेकीपेक्षा जास्त असूनही धावपळ त्याच्या आईनं करायची. काट्यावरचा एकटा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

आणि हे तक्ते ‘गोऱ्यांच्या पोरांचे’ असं जे आमच्याकडे प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतं (तुम्ही नाही म्हणालात, पण तुमच्या प्रतिक्रियेखाली एकानं सूर लावलाच आहे), त्याचंही एकदा सांगून टाकते. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलं मोजून ते केले गेले: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. अंगावर पाजलेली, आई धूम्रपान न करणारी, अशा अटी लावून निवडलेली. २००६ मध्ये तक्ते प्रसिद्ध झाले.

गुटगुटीतपणाचं एवढं कौतुक आपल्यात आलं कुठून, हेही तुमच्या खात्यातल्या माणसानं मला विचारू नये. सुदृढ बालक स्पर्धा गणपतीच्या मांडवात होतात तशा आरोग्य केंद्रातही भरवल्या जायच्या. आमच्या कॉलनीतल्या मंडळानं नंबर काढले तेव्हा पहिला आला तो मांड्यांना सर्वांत जास्त वळ्या असलेला बाळ्या. लसी, दात, चालणं, बोलणं, कशाची चौकशी नाही. इकडे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांमधल्या नवजात बाळांचा अभ्यास छापला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजनात एवढी तफावत असूनही आपल्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती, स्नायू मात्र कमी. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार. अशा बाळाला तूप-साखर चारून वळ्या आणायच्या, की त्याची उंची आणि हातपाय भरतायत का ते बघायचं? मी वळ्यांच्या विरोधात लिहिलं, वजन करण्याच्या नाही.

बाकीचं थोडक्यात.

लांबी. लेखात ‘दोन वर्षांपर्यंत झोपवून लांबी, पुढे उभं करून उंची’ असंच आहे, आणि दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो हेही आहे. तुम्ही बहुधा शीर्षक वाचून थेट प्रतिक्रियेच्या चौकटीत उतरलात.

मोखाडा, म्हणजे पालघर जिल्ह्यातला तुमचा आदिवासी तालुका. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आहेत, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा मलाही वाचता येतो. कुपोषणानं मुलं दगावली ते त्याच भागातलं वावर-वांगणीही मला ठाऊक आहे. पण अंगणवाडीतलं दर महिन्याचं वजन बंद करा, असं मी कुठे लिहिलं? दाखवा. पाड्यावरच्या आईच्या घरी न्हाणीघरातला डिजिटल काटा नसतो, आणि ती माझा लेखही वाचत नाही. तिच्यासाठी लिहिलेलं नाही म्हणून ते कुणासाठीच लिहू नये, हा कुठला न्याय? तो विषय वेगळा आहे आणि त्यावर तुम्हीच लिहावं. लिहिलंत तर इथे आनंदानं छापेन.

‘कोणीही उठतं आणि डॉक्टर होतं.’ डॉक्टर तुम्हीही नाही, काका. मी निदान तसा आव आणलेला नाही. लेखात तीन ठिकाणी ‘डॉक्टरांना दाखवा’ आहे. तुमच्या प्रतिक्रियेत एकदाही नाही.

तुमच्या नोकरीबद्दल मला आदर आहे, हे खरं. डोंगर चढून मुलांची वजनं घेणाऱ्या माणसानं एका आईला ‘पोर गुटगुटीत असलं की’ असं सुनवावं, हे मात्र जमलं नाही.

प्रतिक्रिया उडवणार नाही, राहू दे. दंडघेराच्या परिच्छेदाखाली ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ असं लिहिलं आहे, हवं तर तिथे नाव कळवा. पण पुढची प्रतिक्रिया पुन्हा माझ्या मुलीच्या अंगावर घसरली, तर ती छापली जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.