‘परखड वाचक’ यांना उत्तर: बिघाड म्हणजे बंद पडणंच नव्हे

पेशीत प्रतिकारशक्तीचा संदेश पोचवणाऱ्या स्टॅट-१ या प्रथिनावरच्या आणि त्याच्या जनुकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “जनुक बिघडलं तर प्रथिन दुबळं होणार, जास्त काम कसं करेल? गूगलवरून ढापलेलं दिसतंय. प्रतिकारशक्तीला गुळवेल पुरे.” टोपणनावाच्या आडून परखड होणं सोपं असतं. रक्ताच्या नमुन्यांवर फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेक पेशी तपासण्याची चाचणी) करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. ‘ढापलेलं’ म्हणण्याआधी निदान ‘हे कसं होतं?’ एवढं तरी विचारायचंत.

तर ऐका. इंटरफेरॉन, म्हणजे संसर्गाचा इशारा देणारं प्रथिन, पेशीवरच्या रिसेप्टरला (इशारा पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की आतली जॅक प्रथिनं स्टॅट-१ वर फॉस्फेट चढवतात. मग स्टॅट-१ केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. काम झालं की फॉस्फेट उतरतो. काही म्युटेशनमध्ये, म्हणजे जनुकातल्या बदलांमध्ये, मात्र फॉस्फेट चढलेलं स्टॅट-१ साचतच जातं. बटणावरून बोट काढल्यावरही दाराची बेल वाजत राहिली तर तुम्ही तिला धडधाकट म्हणाल का? या अतिरेकामुळे बुरशीला आवरायला लागणारं आयएल-१७ हे प्रथिन बनवणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी पडतात, आणि कँडिडा बुरशी तोंडात, नखांत ठाण मांडून बसते. हे 2011 साली प्रसिद्ध झालंय. जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असला तरी पुरतो. काहींना थायरॉइडचा ऑटोइम्यून आजारही (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटते तो) होतो.

तुम्ही म्हणता तसा ‘दुबळा’ प्रकारही आहेच, मी कुठे नाकारला? त्यात क्षयाच्या जातकुळीतले जंतू आवरत नाहीत. जन्मल्यावर टोचलेली बीसीजीची लससुद्धा अंगभर पसरू शकते. जनुक तेच, पण आजार दोन. लेखाचा सगळा मुद्दा हाच होता. तो वाचण्याइतका धीर धरला असतात तर हे उत्तर लिहावं लागलं नसतं.

लेख लांबला आणि एखादी आकृती हवी होती, हे मात्र मान्य.

गुळवेलीबद्दल वाद घालायची माझी इच्छा नाही. फक्त एवढंच: वाजत राहणाऱ्या स्टॅट-१ च्या रुग्णांत डॉक्टर रक्सोलिटिनिबसारखं जॅक रोखणारं औषध वापरतात. म्हणजे तो संदेश दाबतात. तुम्ही नेमकं काय वाढवायला निघाला आहात, ते पुढच्या प्रतिक्रियेत लिहा, आणि जमलं तर खऱ्या नावाने.